गारांच्या सालाचा वास

संत्रं खाल्लेल्या हातांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हे तिला दारावरची पाटी वाचल्यावर कळलं. पण पाटी दाराच्या आतल्या बाजूला होती, आणि तोवर ती आत शिरली होती.

द्राक्षमळ्याच्या वायनरीत ती प्रयोगशाळेच्या नोकरीला नुकतीच लागली होती. आम्लता मोजायची, गंधक तपासायचं, रंगाचे आकडे काढायचे. मीटर सतत हातात, म्हणून सगळे तिला मीटरबाई म्हणत. नमुने घ्यायला तळघरात उतरली आणि चुकीचं दार ढकललं. समोर पांढरं कापड घातलेलं लांब टेबल, त्यावर रेड वाइनचे ग्लास, आणि त्यांच्यामागे एकटाच बसलेला एक माणूस.

"दार लावून घ्या," तो म्हणाला.

"आतून की बाहेरून?"

तो हसला. "तुमची मर्जी."

तिने ओळखलं, हेच ते नाकसाहेब! वाइन चाखून निवाडा देणारे. बूच निघालं की खोलीच्या पलीकडून वाइन कोणत्या सालची ते सांगतात, अशी त्यांची ख्याती. आणि पाटीवर तर अत्तर, सुगंधी साबण, फळं, सगळ्यालाच बंदी. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. संत्र्याचा वास तिचा तिलाच येत होता.

त्याने मात्र नाक मुरडलं नाही. उलट एक ग्लास पुढे सरकवला. "आधी तुम्ही सांगा. काय वास येतोय?"

"मी? अहो, मी फक्त मोजते."

"नाक आणलंय ना सोबत?"

तिने नाइलाजाने ग्लास फिरवला. "जुन्या कपाटाचा… नाही, थांबा. पेन्सिल तासली की येतो, तो. आणि खाली कुठेतरी मनुका. पण ताज्या नाहीत, डब्याच्या तळाशी राहून गेलेल्या."

तो डोळे मिटून ऐकत होता. शब्द संपले तरी ऐकत होता.

"आणखी?" त्याने हळूच विचारलं.

जिना चढताना तिला वाटलं, किती सभ्य माणूस! संत्र्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

मग दुपार झाली की ती तळघरात जाऊ लागली. निमित्त होतंच. एकाच मळ्याच्या, वेगवेगळ्या सालांच्या जुन्या वाइन शेजारी शेजारी ठेवून वायनरीच्या मालकीणबाईंना त्यांतलं एक साल निवडायचं होतं. त्या सालाच्या उरलेल्या बाटल्यांना घराण्याचं सोनेरी लेबल लागणार होतं. सालांना तळघरातल्या लोकांनी नावं ठेवली होती. दुष्काळाचं साल गडद आणि तुरट. पावसाचं साल पातळ, पाहुण्यासारखं घाईत निघून जाणारं. आणि गारांचं साल. गारांनी अर्धी द्राक्षं झोडपली, उरलेल्यांनी वेलीचा सगळा जीव आपल्यात ओढून घेतला.

"ही कड बघा," ती ग्लास कापडावर तिरका धरून सांगायची. "तरुणपणी जांभळी असते, आता विटकरी झालीय. रंगाचे रेणू वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि तळाशी बसतात."

"म्हणजे म्हातारपणी एकमेकांना धरून बसतात?"

"रेणू."

"मी रेणूंबद्दलच बोलतोय," तो म्हणाला, आणि तिला आकडे पुन्हा वाचावे लागले.

भाड्याच्या खोलीत तिचं एक ताट होतं, एक कप. कपाला जोडीदार आणावा असं कधी वाटलं नव्हतं. दुकानदार आणि घरमालक सोडले तर या शहरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आता मात्र ती येता-जाता वास साठवू लागली होती. जिन्यातल्या ओल्या रंगाचा, गरम इस्त्रीचा, पाऊस पडून गेल्यावर छत्रीच्या आतला. उद्या सांगायला.

"कुणी ओळखीचं झालं का गं?" आईने फोनवर विचारलं.

"हो… म्हणजे, कामातलंच."

"कामातलं म्हणताना आवाज का उतरला?"

"आई, ठेवते. दूध उतू जातंय," ती म्हणाली. दूध अजून फ्रिजमध्येच होतं.

निवडीच्या दिवशी यंत्राने दगा दिला आणि ती उशिरा पोचली. टेबलाशी मालकीणबाई आणि तो, दोघंच होते. गारांच्या सालाची नवी बाटली उघडून ग्लास भरले होते. इथला रिवाज असा, की निवाडा आधी नाकसाहेबांनी द्यायचा, मालकीणबाईंनी ग्लास शेवटी उचलायचा.

"अप्रतिम," तो म्हणत होता. "तासलेली पेन्सिल… डब्याच्या तळाशी राहिलेल्या मनुका…"

आपलेच शब्द, त्याच क्रमाने! तिला आतून गुदगुल्या झाल्या. हसू लपवायला तिने ग्लास नाकाशी नेला.

कुबट, भिजलेला पुठ्ठा.

तिने पुन्हा हुंगलं. शंकाच नको. या बाटलीचं बूच खराब निघालं होतं. सर्दी झालेल्या पोरालाही कळलं असतं. मग याला…

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो शांतपणे हसत होता. आणि तिला संत्रं आठवलं.

मालकीणबाईंचा हात ग्लासकडे गेला. पुढच्या क्षणी मीटरबाईंचं कोपर टेबलावरून असं फिरलं, की ग्लास आडवा आणि बाटलीही आडवी. पांढऱ्या कापडावर लाल डाग धावत सुटला.

"अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?"

"माफ करा… धांदरटच आहे मी. दुसरी बाटली उघडू या?"

दुसरी चांगली निघाली. गारांचं सालच ठरलं. तळघराच्या बोळात तो तिच्या मागोमाग आला.

"मुद्दाम पाडलंत."

"पहिल्या दिवशी माझ्या हातांना कसला वास येत होता?"

त्याची नजर तिच्या हातांवर गेली.

"संत्र्याचा," ती म्हणाली. "कधीपासून?"

"हिवाळ्यात ताप आला होता, तेव्हापासून. आंबट, तुरट, गोड एवढं जिभेला कळतं. बाकी… काही नाही. उशीलासुद्धा वास नाही. घरी गेलो तरी कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटतं."

"म्हणून मला विचारत होता."

"हो."

"रोज?"

"…रोज."

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. "मला वाटलं, कुणीतरी ऐकतंय," एवढंच बोलून ती जिना चढली.

त्यानंतर दुपारी ती वर प्रयोगशाळेतच राहू लागली. येता-जाता वास येत राहिले, पण साठवायचे कशाला? आईने विचारलं तर म्हणाली, "काम खूप आहे." एकदा तिने बाजारात दुसरा कप हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि जागेवर ठेवला.

मग एके दिवशी तळघरातून बातमी वर आली. नाकसाहेबांनी आपणहून मालकीणबाईंना सगळं सांगितलं होतं. सांडलेल्या बाटलीचंसुद्धा. मालकीणबाई आधी कडाडल्या, मग निवळल्या. आता त्याच्याकडे बाटल्यांच्या मांडण्या आणि तळघराचा गारवा राखायचं काम होतं. टेबलावर दुसरं कुणी येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेचं दार वाजलं. तो होता. हातात एक रिकामा ग्लास.

"गारांच्या सालाचा. काल पाहुण्यांनी प्यायलेला," तो म्हणाला. "धुतला नाहीये. जुन्या वाइनचा वास रिकाम्या ग्लासात रात्रभर राहतो म्हणतात." त्याने ग्लास तिच्यासमोर ठेवला. "आधी तुम्ही सांगा."

"कशाला? निवाडा आता तुमच्याकडे नाही."

"म्हणूनच विचारतोय."

तिने मीटर बाजूला ठेवलं. मग ग्लास उचलला. "कोरडं लाकूड… मधाचं रिकामं भांडं…"

"आणखी?"

"आणखी संत्रं."

"ग्लासात?"

"नाही. माझ्या हातांना."

त्याने तिचा हात हलकेच नाकाशी नेला. डोळे मिटले. खोल श्वास घेतला. मग मान हलवली. नाही.

"पुन्हा येईल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही," तो म्हणाला. हात मात्र सोडला नाही. "कसा असतो?"

"आधी झिणझिण्या येतात. मग गोड. पण गोड म्हणजे साखरेसारखा नाही हं… असं एका वाक्यात नाही सांगता येणार. वेळ लागेल."

"मला आता टेबलावर कुणी बोलवत नाही," तो म्हणाला, आणि पायाने स्टूल ओढून घेतलं.

तिने मीटर बंद केलं, खणातून दुसरं संत्रं काढलं आणि सालीत नख रोवलं.