नवरीच्या बाजूची काच

“गाडी विकायची आहे का?” असं त्यानं विचारलं, तेव्हा त्याच्या हातात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता आणि तो चुकीच्या गल्लीत शिरला होता.

दिघीत हे रोजचंच. इथल्या गल्ल्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी. आम्रपाली अंगणात कपडे वाळत घालत होती. ताडपत्रीखालून फियाटचा मागचा कोपरा तेवढा बाहेर डोकावत होता आणि हा गृहस्थ पत्ता-बित्ता विसरून त्या कोपऱ्याकडे टक लावून बघत होता. इतक्या मायेनं आपल्याकडे कुणी बघितलेलं तिला आठवेना. इथूनच सगळं बिघडलं.

“आहे,” ती म्हणाली. “पण भंगारवाल्यांना नाही, आणि हॉटेलवाल्यांनाही नाही. मागच्या आठवड्यात एक जण आला होता. म्हणे, मधून कापून सोफा करतो.”

“कापून?” त्याचा चेहरा एवढासा झाला. “जय भीम. मी धम्मरत्न, रावेतला राहतो. महाळुंग्याला कंपनीत पेंट शॉपला आहे. दिवसाला शेकडो नव्या गाड्या माझ्यासमोरून रंगून जातात, एकीचाही चेहरा लक्षात राहत नाही. ही मात्र… ताडपत्री काढू?”

“काढा. ती काही लाजायची नाही.”

चारही टायर बसलेले, मागच्या सीटवर मांजरीनं संसार थाटलेला, छतावर सहा वर्षांची धूळ. त्यानं पत्रिका आम्रपालीच्या हातात दिल्या आणि इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट सरळ गाडीखाली शिरला. खालून आवाज आला, “तळ शाबूत आहे हो. कुणीतरी जिवापाड जपलीय.”

“माझ्या बाबांनी,” ती म्हणाली. भीमराज जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधीची चार वर्षं दुखण्यात गेली.

सरूबाईंनी तेवढ्यात पोहे आणले. आम्रपालीला आजवर पाच जण बघून गेले होते आणि पाचांनीही पोहे खाता खाता तिचा पगार विचारला होता. हा सहावा. पोह्यांची बशी हातात, आणि डोळे गाडीवर.

“आई, पोहे कुणाच्या बघण्याचे हे?” ती पुटपुटली.

“तू गप गं,” सरूबाई म्हणाल्या. “पोरगं मन लावून बघतंय, बघू दे की.”

मन लावून बघत होता, तेच तर तिला सलत होतं. कारण या गाडीशी तिचं वैर जुनं होतं.

भीमराजनं तीस वर्षं भोसरीत लेथवर काढली. चौऱ्याहत्तर सालची ही फियाट त्यानं जुनीच घेतली आणि जाहीर केलं, की वस्तीतली एकही पोरगी रिक्षानं सासरी जाणार नाही. विहारात लग्न लागलं, की गुलाबाच्या माळा बांधलेली फियाट दारात हजर. मागं नवरा आणि करवल्या, पुढची सीट नवरीची, शालूला घडी पडू नये म्हणून. एरवीसुद्धा त्या सीटवर कुणी बसायचं नाही. सरूबाई आणि आम्रपाली कायम मागं. “तुझी पाळी आली की बस पुढं. घाई काय हाय?” भीमराज हसून म्हणायचा. वर रविवार सगळा गाडीचा. पोरीला सर्कशीला न्यायचं राहायचं, गाडीचं पॉलिश राहायचं नाही. एकुलत्या एका मुलीला सावत्र बहीण असावी, तशी ही गाडी होती.

नऊ वर्षांची असताना एकदा, वस्तीतल्या सोजराबाईच्या मुलीसाठी बाबांनी स्वतःच्या रुमालानं ती सीट पुसली आणि आम्रपालीचा जळफळाट झाला. तिनं त्या दाराच्या काचेचं हँडल पिन काढून ओढलं आणि कंपासपेटीत लपवलं. तेव्हापासून वस्तीतली प्रत्येक नवरी बंद काचेमागं, मे महिन्याच्या उकाड्यात, घामाघूम होऊन सासरी गेली. “कोपऱ्यातली त्रिकोणी काच उघड गं बाई, तेवढाच वारा,” भीमराज प्रत्येकीला सांगायचा. त्यानं दुसरं हँडल कधी बसवलं नाही, पहिलं कुठं गेलं हेही कधी विचारलं नाही. केसाच्या जाडीइतकं अचूक काम करणाऱ्या माणसाला एक हँडल बनवता येऊ नये, याचं तिला पुढंही नवल वाटत राहिलं.

व्यवहार ठरला. गाडी ओढून बरकतचाचांच्या भोसरीतल्या गॅरेजला गेली. भीमराजच्या वेळेपासून तिची नाडी तेच बघायचे. आता आरटीओची कागदपत्रं तेवढी उरली होती. आम्रपाली चाकणला एका कंपनीत क्वालिटी तपासायची. तिच्या नजरेतून ओरखडा सुटत नसे. पण या कागदांवर मात्र दर वेळी तिची एखादी सही राहूनच जायची, आणि त्या सहीसाठी तिला दर रविवारी गॅरेजला जावं लागायचं.

“परत राहिली?” धम्मरत्न विचारायचा.

“राहिली… तुमचा काही खोळंबा होतोय का?”

“माझा कसला? उलट बरंय. चहाला सोबत होते.”

मग चहा व्हायचा, आणि चहाबरोबर गाडीपुराण. आज तिचा खोकला गेला. आज तिनं पहिल्या फटक्यात आवाज दिला. एकदा आम्रपाली मुद्दाम नवीन निळा ड्रेस घालून गेली. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं… बराच वेळ पाहिलं. तिचे गाल तापले.

“हाच,” तो म्हणाला. “हाच निळा. हिला हाच रंग देऊ या का?”

त्या दिवशी चहा न घेताच ती निघाली. सावत्र बहिणीनं आधी बाप पळवला, आता हाही. आणि आपणच ताडपत्री काढू दिली! स्कूटरवर बसून ती मॅगझिन चौकापर्यंत स्वतःशीच भांडत गेली.

पुढच्या रविवारी मात्र गेलीच.

“सगळं मिळालं,” तो म्हणाला, “पण पुढच्या डाव्या दाराचं हँडल काही मिळेना. जुन्या बाजारात तीन रविवार घातले. रश्मीच्या लग्नाआधी हवं होतं. ती पुढं बसणार ना.”

रश्मी म्हणजे त्याची चुलतबहीण, त्याच पत्रिकांतली. तिचं लग्न चिंचवडच्या मुलाशी ठरलेलं, हे आम्रपालीला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हेवा करायला तसं काही कारण नव्हतं. तरी पुढची सीट म्हटल्यावर तिच्या पोटात तीच नऊ वर्षांची पोरगी पाय आपटायला लागली. हँडल त्या क्षणी तिच्या पर्समध्ये होतं. द्यायला म्हणूनच आणलं होतं. तिनं पर्सची चेन लावून टाकली.

“नसेल मिळत,” ती म्हणाली. “सोडून द्या.”

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं फोन करून तिला बोलावलं. गाडी तयार होती. निळी. अगदी तिच्या ड्रेससारखी निळी. बरकतचाचा काच पुसत होते आणि पुढच्या सीटवर मेंदीचे हात सांभाळत रश्मी बसून बघत होती. धम्मरत्ननं खिशातून एक हँडल काढलं.

“अखेर एका भंगारवाल्याकडं मिळालं. चाचा, एवढं बसवा.”

“नाही बसवणार,” बरकतचाचा शांतपणे म्हणाले.

“का?”

“भीमराजभाऊंनी मना केलं होतं. हँडल हरवलं त्याच हप्त्यात मी नवीन आणलं होतं. भाऊ बोलले, नको चाचा. माझ्या पोरीच्या कंपासपेटीत हाय ते. तिची पाळी येईल तेव्हा तीच आणून लावेल. तोवर ती काच कुणासाठी उघडायची न्हाई.”

आम्रपालीच्या डोळ्यांसमोर वस्तीतल्या त्या सगळ्या घामाघूम नवरीमुली एकापाठोपाठ एक येऊन गेल्या. बाबांनी सीट सगळ्यांना दिली होती. वारा तेवढा तिच्यासाठी राखून ठेवला होता. आणि ती वीस वर्षं एका गाडीवर जळत राहिली. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

तिनं पर्सची चेन उघडली.

धम्मरत्न त्या हँडलकडे बघतच राहिला. “तुमच्याकडेच होतं? मी तीन रविवार जुन्या बाजारात उन्हात…”

“होतं. द्यायचं नव्हतं,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुम्ही त्या गाडीशी जितकं बोलता त्याच्या निम्मंही माझ्याशी बोलत नाही. मला राग येतो. गाडीचा येतो, तुमचा येतो, आणि रश्मी, तुझाही येतो, तुझा काही दोष नसताना.”

रश्मीनं हळूच दार उघडलं आणि ती उतरली. “दादा, मी उद्या मागंच बसते बाई. मला नवऱ्याजवळ बसायचंय, ड्रायव्हरजवळ कशाला?”

“आणि ऐका,” धम्मरत्न आम्रपालीला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “गाडीबद्दल बोलता येतं म्हणून गाडीबद्दल बोलत होतो. तुमच्याबद्दल बोलायला गेलो की… शब्दच फुटत नाहीत. त्या दिवशी निळ्या ड्रेसकडे बघताना गाडी कुणाच्या डोक्यात होती? पण तोंडातून गाडीच आली.”

आम्रपालीनं हँडल दारात बसवलं, पिन दाबली आणि सीटवर जाऊन बसली. वीस वर्षं मिटलेली काच कुरकुरत, अडत, खाली उतरली. भोसरीचा गरम वारा आत आला. त्याला ऑइलचा वास होता, आणि तो तिला फार गोड लागला.

धम्मरत्न बाहेरून उघड्या काचेवर हात टेकून वाकला. “ही नवरीची जागा आहे… माहितीये ना?”

“वीस वर्षं माहितीये.”

“मग?”

“मग तू तिकडून येऊन बस. चालवणाराच बाहेर उभा राहिला तर वरात निघायची कशी?” ती म्हणाली. “आणि एक सांगून ठेवते. गाडीला शनिवार द्यायचा. रविवार माझा.”