रिपोर्ट तर नॉर्मल आहे

"या नाटकात प्रेत कोणाचं आहे?"

रंगमंचावरच्या राजाच्या पलंगावर मखमली शाल लपेटून झोपलेल्या तिने दचकून डोळे उघडले. समोर एक उंच तरुण उभा होता. हातात बॅग, कपाळावर घामाच्या धारा. बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटावं. आणि ही बाई स्वेटरवर शाल घेऊन निजलेली!

"प्रेत नाही... प्रॉम्प्टर आहे मी," ती घाईघाईने उठून बसली.

"अरे बाप रे! म्हणजे माझा जीव ज्यांच्या हातात, त्याच थंड पडलेल्या!"

ती खुदकन हसली. नायकाचा पाय मोडला म्हणून नाटक बसवणाऱ्या तिच्या मामांनी आयत्या वेळी बोलावलेला नट तो हाच. आठवड्याभरात अख्खं नाटक पाठ करून तो उभा राहणार होता, आणि अडला की पडद्याआडून त्याला वाक्य द्यायचं काम हिचं. सगळी मंडळी तिला लाडाने 'कुजबुज' म्हणत. याचं नाव त्याच दिवशी 'पाहुणे' पडलं.

प्रॉम्प्टरला वाचता आलं की झालं, असं लोकांना वाटतं. डोंबल! नट गप्प झाला की तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखण्यात खरी मेख असते. विसरलेल्याला वाक्य दिलं नाही तर नट मेला, थांबलेल्याला दिलं तर नाटक मेलं. कुजबुजला हे नटाच्या नुसत्या पाठीवरून कळायचं. पाहुण्यांचं तर तिने दोन तालमींतच ओळखलं होतं. विसरला की त्याचा अंगठा बोटांवर फिरायचा, थांबला असला की खांदे सैल असायचे. मानेवरचे केस घामाने कुरळे होतात, हेही तिने पाहून ठेवलं होतं. त्याचा प्रॉम्प्टिंगशी काही संबंध नव्हता, पण बघत होती खरी.

"तुम्ही इतकं गोड कुजबुजता," एकदा कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवत तो म्हणाला, "की पाठ असलेलं वाक्यही विसरावंसं वाटतं."

"विसरून बघा. एक अक्षर देणार नाही."

"इतक्या निर्दय?"

"मामांची भाची आहे. आमच्या रक्तातच आहे ते."

तो मोठ्याने हसला. तिने कपाभोवती गार बोटं घट्ट धरली. रक्ताचा विषय तिनेच काढला होता, आणि तिच्याच अंगावर काटा आला.

तिची थायरॉइड मंदावल्याचं कळून दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी ती न चुकता गोळी घ्यायची. रक्तातले आकडे केव्हाच ठिकाणावर आले, पण ती काही आली नाही. झोपून उठलं तरी अंग शिणलेलं, कंगव्यात केसांचा पुंजका, आवाज घोगरा... आणि हल्ली वाचता वाचता अचानक डोकं रिकामं व्हायचं. अक्षरं समोर दिसायची, पण ओळ कुठली चाललीय ते कळायचं नाही.

"रिपोर्ट नॉर्मल आलाय ना? मग मनाचे खेळ आहेत," डॉक्टर म्हणाले होते.

"थायरॉइड काय, घरोघरी आहे," आई म्हणायची. "जरा हातपाय हलव, आपोआप बरं वाटेल."

पण कुजबुजच्या डोळ्यांपुढे आत्या यायची. आत्याचंही असंच सुरू झालं होतं, आधी शब्द गेले, मग माणसं. शेवटी ती स्वतःच्या भावाला "आपण कोण?" म्हणून विचारायची. ती भीती कुजबुजने कोणालाच सांगितली नव्हती. पाहुण्यांना तर नाहीच. ज्या माणसाने आपल्या भरवशावर मान ठेवलीय, त्याला काय सांगणार... की मलाच मान सावरत नाही?

पहिला प्रयोग दुपारचा होता. दोन अंक झकास झाले. तिसऱ्या अंकात राजा मेलेल्या मुलाच्या उशाशी बसतो आणि बराच वेळ काही बोलत नाही. ही शांतता दोघांनी मिळून बसवली होती. पाहुणे थांबला. खांदे सैल होते. सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलं होतं.

आणि कुजबुजच्या हातातलं पान पांढरं पडलं. आपण कुठे आहोत? कितवा अंक? हा गप्प का? माझं वाक्य द्यायचं राहिलं का? एक ओळ कशीबशी हाताला लागली, आणि घाबरलेल्या घोगऱ्या आवाजात ती जवळजवळ ओरडलीच, "दिवे मालवा!"

तिसऱ्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच.

पडदा पडल्यावर मामा काय काय बोलले, ते तिने ऐकलंच नाही. मागच्या दाराच्या पायरीवर ती जाऊन बसली. पाहुणे आला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा राजाचा होता, अर्धा पुसलेला.

"रागावलात?" तिने विचारलं.

"हो."

तिने मान खाली घातली.

"त्या ओळीसाठी नाही. सगळा आठवडा बघतोय मी, तुम्ही भिंत धरून उठता, उकाड्यात कुडकुडता. विचारलं की म्हणता 'काही नाही'. काय आहे ते?"

मग ती सगळं बोलली. गोळी, रिपोर्ट, आत्या... बोलताना पुन्हा पुन्हा अडखळली. शेवटी ती म्हणाली, "मला वेड तर नाही ना लागत?"

"मला नाही माहीत," तो हळूच म्हणाला. "पण हे एकटीने घाबरण्याचं काम नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो."

नव्या डॉक्टरबाईंनी आधी ऐकून घेतलं, मग तपासलं. स्मरणशक्तीच्या चाचण्या केल्या, आणखी रक्त घेतलं. "ही आत्यांची वाट नाही," त्या म्हणाल्या, तेव्हा कुजबुज तिथेच रडली. "आकडा बरा आहे, पण म्हणून तुम्ही खोटं बोलताय असं नाही. काहींना गोळी घेऊनही असा त्रास राहतो. तुमचं लोह फार कमी आहे, त्याची गोळी चालू करू, पण थायरॉइडच्या गोळीपासून काही तास लांब. झोपेचंही बघू. काही त्रास जाईल. काही... कदाचित राहील."

लोहाने बळ आलं. डोक्यातलं धुकं पुष्कळ विरलं आणि मामांनी कुरकुरत तिला पुन्हा पडद्याआड बसवलं. पण 'कदाचित राहील' हे शब्द तिच्या मनात घर करून बसले.

एका सुट्टीच्या दिवशी दोघं गावाबाहेरची टेकडी चढायला गेली. अर्ध्या वाटेवरच्या बाकापाशी तिचे पाय संपले.

"तुम्ही जाऊन या वर," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. जा ना."

आणि तो खरंच गेला! वळणाआड त्याचा शर्ट दिसेनासा झाला. हे असंच होणार. आज टेकडी, उद्या आणखी काही. तो पुढे जाईल आणि आपण बाकावर. किती दिवस मागे वळून बघेल? का बघावं त्याने? तिने डोळे गच्च मिटून घेतले. वाऱ्याने डोळ्यांतलं पाणी गार लागत होतं.

"वर काही विशेष नाही," धापा टाकत आवाज आला. "दगड आहेत. एक कुत्रं आहे. तेही चिडकं."

"तुम्ही खरंच गेलात..."

"तुम्हीच म्हणालात ना, जा. तुमचा शब्द खरा मानला." तो तिच्या शेजारी बसला. "परत आलो ते मात्र माझ्या मनाने."

तिला हुंदका आवरेना. "हे पूर्ण बरं होणार नाही कदाचित. मी अशीच अर्ध्या वाटेवर बसणारी... मला फार भीती वाटते, तुम्ही कंटाळाल याची."

"मलाही वाटते."

"तुम्ही कंटाळाल अशी?"

"नाही हो! लग्नाचं विचारलं तर तुम्ही 'नाही' म्हणाल, अशी."

तिने डोळे पुसले. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने तो आपल्या पदराने टिपला आणि हात तिथेच राहू दिला.

"भीती जाणार नाही हं माझी," ती म्हणाली. "पण हो."