गोंगाटाच्या खाली

शरणपूर रोडवर एका औषधांच्या दुकानाच्या वर आमचं कानाचं क्लिनिक होतं. मी तिथे श्रवण तपासणीचं काम करायची. आतल्या खोलीत एक लाकडी केबिन होती, भिंतींना जाड स्पंज, खिडकीला दुहेरी काच. पेशंट आत स्टुलावर बसायचा. मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवायची, हातात बटण द्यायची आणि दार लावून बाहेर यंत्रापाशी बसायची. बारीक, जाड असे सूर सोडायची. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, मग माझ्यासमोरचा दिवा लागायचा. रिक्षांचे हॉर्न, दुकानाचं शटर, लग्नाच्या वराती, यातलं काही त्या केबिनमध्ये शिरत नसे. लोक बाहेर येऊन सांगायचे, ताई, आत स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू येतं.

१९९८च्या हिवाळ्यात सातपूरच्या एका प्रेस शॉपचे कामगार तपासणीला आले. पत्र्यातून भाग ठोकून काढणारी मोठी यंत्रं, आणि त्यांच्याशेजारी आयुष्य गेलेली ही माणसं. पहिला आत गेला मोतीराम. इगतपुरीकडचा, हसरा. इतक्या मोठ्याने बोलायचा, की खालचा दुकानदार बाहेर येऊन वर बघायचा.

मी अजून सूर सोडलाच नव्हता आणि दिवा लागला. विझला. परत लागला.

मी दार उघडून हातानेच सांगितलं, अजून काही वाजलेलं नाही.

"वाजतंय ना ताई," तो म्हणाला.

कान गेलेल्यांच्या डोक्यात गुणगुण चालू असते. मी ते सोडून दिलं. मग हिरामण बसला. त्याचंही तेच. पण गुणगुण अखंड असते, आणि हा दिवा थांबून थांबून लागत होता. माणूस हाका मारताना मध्ये दम घेतो तसा.

"काय ऐकलंत?" मी हिरामणच्या कानाशी ओरडून विचारलं.

त्याने आधी मोतीरामकडे पाहिलं. "शॉपचा गोंगाट चालू हाय. त्याच्या खाली कुणीतरी वरडतंय. लांब हाय, नीट कळत नाय."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "तपासणीत नॉइज येतोच. तो बाजूला काढायचा आणि पुढे जायचं."

मी वायरी बदलल्या. मेकॅनिक बोलावला. यंत्र चांगलं होतं. दुपारी क्लिनिक रिकामं असताना मी स्वतः हेडफोन लावून आत बसले. कानातल्या रक्ताची धडधड ऐकली. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी मोतीरामने मला जिन्यात गाठलं. पहिल्यांदाच तो हळू बोलायचा प्रयत्न करत होता, आणि ते त्याला जमत नव्हतं.

"ताई, आमचा जयराम गेला ना, मागच्या साली. मोठ्या प्रेसच्या आत साफसफाईला उतरला व्हता. कुणीतरी मशीन चालू केलं. आमी सगळे तिथंच व्हतो. त्या आवाजात काय ऐकू येणार? जेवणाच्या सुट्टीला मशिनी बंद झाल्या, तवा कळलं."

"मशीन कुणी चालू केलं?"

"सुपरवायझर साहेब म्हणाले, मी ऑफिसात व्हतो. जयराम न सांगता उतरला, चूक त्याचीच. तसंच ठरलं मग."

मोतीरामने शॉपमध्ये कुणाला काय सांगितलं कोण जाणे, पण नंतर उरलेली माणसं आली तेव्हा त्यांच्यासोबत जयरामची बायको होती. कुसाबाई. पेठकडची, सडसडीत, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेली. तिने आल्या आल्या केबिनच्या दाराकडे बोट दाखवलं.

मी तिला बसवलं. तिचे कान उत्तम होते. बारीकातल्या बारीक सुराला दिवा लागत होता. मग मी यंत्र बंद केलं आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली. बराच वेळ. दिवा लागला नाही. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा चारचौघांत अपमान झालेल्या माणसासारखा झाला होता.

शेवटी त्यांच्यातला काळू बसला. त्याचे दोन्ही कान पार गेलेले. मी आवाज शेवटपर्यंत वाढवला तरी तो आढ्याकडे बघत होता. मी यंत्र बंद केलं.

काळू ताडकन उठला. हेडफोन तसेच कानांवर घेऊन बाहेर आला, मागे वायर लोंबत होती. एरवी कायम ओरडून बोलणारा तो माणूस कुजबुजला.

"जयराम हाय. इथं, जवळच हाय. 'साहेब, मी आत हाय,' म्हणतोय. 'साहेब, तुमी बघताय ना, मी आत हाय.'"

बाकावरची माणसं त्याच्या ओठांकडे बघत होती. त्यातल्या कुणाला किती कळलं ते ठाऊक नाही. कुसाबाईला सगळं ऐकू आलं.

मी ते रिपोर्टमध्ये जसंच्या तसं लिहिलं. तेव्हा कंपनीचा अधिकारी क्लिनिकमध्ये आला, चहा प्यायला, हसला. "उगाच बोभाटा कशाला, डॉक्टर? बहिऱ्यांना काय ऐकू येतं ते कोर्टात सांगणार का?" डॉक्टरही हसले. मी मध्ये बोलले तर म्हणाले, "आवाज चढवू नकोस." नवे रिपोर्ट त्यांनी स्वतः लिहिले. त्यांत सगळ्यांचं ऐकणं वयोमानाने कमी झालं होतं. काळूचं वय तेव्हा चाळिशीच्या आत होतं.

कुसाबाई निकाल विचारायला आली. मी खरं ते सांगितलं. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. म्हणाली, "मला का नाय ऐकू आलं?"

"माहीत नाही. ज्यांचे कान जास्त गेलेत, त्यांना जास्त जवळून येतंय."

"ह्यांचे कान कशानं गेले?"

"शॉपच्या आवाजाने."

तिने मान हलवली आणि जिना उतरून गेली.

पुढच्या वर्षी त्याच शॉपची माणसं आली, तर रांगेत कुसाबाई. अंगात कंपनीचा खाकी डगला. कंत्राटदाराकडून लागली होती, मोठ्या प्रेसखालचा कचरा ओढायला. मी तिला कानात घालायचे बोळे दिले. तिने ते माझ्याच टेबलावर ठेवले.

"कुसाबाई, हे करू नका. गेलेला कान परत येत नाही."

"ठावं हाय ताई."

त्यानंतर ती दर वर्षी येत राहिली. तिच्या कानांचा आलेख दर वर्षी थोडा खाली उतरत होता, आणि मी तिला तो दाखवला की ती निरखून बघायची. मुलाची उंची दारावर मोजावी तशी. एकदा म्हणाली, "आता लांबून येतोय." मी डॉक्टरांना सांगितलं, कंत्राटदाराला फोन केला, मोतीरामला गाठलं. मोतीराम म्हणाला, "तिला कोण काय सांगणार? आन सांगितलं तरी तिला आता ऐकू कुठं येतंय?"

२००४ साली ती शेवटची आली. मी सगळे सूर सोडले, जाड, बारीक, मोठ्यात मोठे. दिवा लागला नाही. मी यंत्र बंद केलं.

काचेपलीकडे तिचा चेहरा सैल झाला. बटण तिने मांडीवर ठेवून दिलं. ओठ हलू लागले. घरात, चुलीपाशी बसून बोलावं तसं ती काहीतरी सांगत होती, मध्ये थांबत होती, मान डोलवत होती.

मी दार उघडायला उठले.

तेवढ्यात ती स्टुलावर थोडी बाजूला सरकली, पदर आवरला आणि शेजारी जागा करून दिली.