कबऱ्या पानांचा अळू

लिंबागणेशला, आंब्याखालच्या विहिरीपाशी एक परका गडी कुंडीवर ओंजळीनं पाणी शिंपडत होता. अळूची पानं खुडणारी सत्यभामा थांबली.

“पानी पाजून काय व्हनार? ऊन बाधलंय त्याला.”

तो दचकून वळला. कुंडीतही अळूच होता, पण असा तिनं कधी पाहिला नव्हता — हिरव्यावर दुधाचे शिंतोडे उडालेले, अन् पांढऱ्या जागा करपलेल्या.

तो धर्मराज, बीडला एका अंमलदाराच्या बंगल्यावरचा माळी. साहेबांनी हैदराबादेहून हौसेनं आणवलेलं झाड मरायला टेकलं होतं. ते मेलं तर त्याची नोकरी जाणार होती. तो गावातल्या आपल्या जाणत्या मामाला विचारायला निघाला होता.

“इथंच ठिवा,” ती म्हणाली. “सावली हाय, वल हाय.”

“आन् मी?”

“तुमी बीडला जावा. तुमाला कोन लावनार इथं?”

तो हसला... अन् तिचेच कान तापले.

मग दर जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, तो साहेबांच्या टट्टूवरून येऊ लागला. एकदा कुंडीत निखळ हिरवा कोंब तरारून आला. त्यानं तिच्या हाती चाकू दिला.

“ह्यो कापा. न्हाईतर कबरी पानं दबून जात्यात.”

“कावून? लई गुणाचा दिसतोय... हात होत न्हाई.”

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. कोंब कापला गेला, तरी हात काही लगेच सुटला नाही.

दिवाळीच्या तोंडावर अळू कुंडीबाहेर ओसंडला.

“आता न्या की,” ती खाली बघत म्हणाली. “परवा कडा गावचे पाव्हणे येनारेत... मला बघाया.”

कुंडी तिथंच सोडून धर्मराज तडक मोटेवर, तिच्या वडलांकडं गेला. बद्रीनाथ बैल थांबवून त्याची मागणी ऐकत राहिले. आई गेल्यापासून लेकीनंच घर अन् मळा सांभाळला होता; विशी आली तरी तिला धाडायला त्यांचं मन धजत नव्हतं.

“सोयऱ्यातला हायेस. पन ठिवशील कुठं तिला?”

“बंगल्यामागं येकच खोली हाय, आबा. पन भवताली मातीच माती हाय. तिला लागंल ते लावू द्या.”

बद्रीनाथांनी लेकीला हाक मारली. ती आली — ओल्या हातांनी, धापा टाकत.

“कड्याला सांगावा धाडू का?”

“धाडा.”

“काय म्हनू?”

“येऊ नका म्हना.”

“आन् मंग कोनाला बोलवू?”

तिनं पदर सावरला, हळूच धर्मराजकडं पाहिलं.

“बोलवायचं कशाला, आबा... आलेत की.”