हाकेचा कडा

बसमधून माणसे उतरली की पहिला प्रश्न ठरलेला, "इथे बाथरूम कुठे आहे?" दुसरा, "रेंज का येत नाही?" आणि तिसरा, तोही दरीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढता काढता, "इथे बघण्यासारखं काय आहे?"

हाकमावशीने या प्रश्नांना उत्तरे देणे कधीच सोडले होते. बघण्यासारखे इथे काही नव्हतेच. इथे ऐकायचे होते.

त्या डोंगरी सहलीच्या वाटेवर बघायला पुष्कळ होते. धबधबा होता, बोटींचे तळे होते, एका बोटाने हलणारा दगड होता. एक लहानसे वस्तुसंग्रहालय होते आणि त्यात काचेच्या पेटीत दोन डोक्यांचे वासरू होते. त्यातले एक डोके मागाहून शिवलेले आहे हे सगळ्या गाईडना ठाऊक होते, पण कोणी बोलत नसे. सगळ्यात शेवटी, चढण संपते तिथे, हाकेचा कडा. कठड्याशी एक सपाट दगड. त्यावर उभे राहून हाक मारली की समोरच्या काळ्या कड्यावरून ती परत येई. तीही जशीच्या तशी नाही, जरा धुऊन निघाल्यासारखी.

पहिली हाक नेहमी हाकमावशीची. "होऽऽ" म्हणून ती दरीची झोप मोडायची आणि मग पाहुण्यांनी एकेकाने आपापल्या हाका मारायच्या. तिची सासूही हेच करीत असे. सासूच्या वेळी माणसे घोड्यावर बसून नाहीतर पायी यायची, घामाघूम व्हायची, आधी पाणी प्यायची आणि मग गप्प उभी राहायची. दरीपुढे गप्प कसे राहायचे हे त्या माणसांना सांगावे लागत नसे. आताच्यांना "जरा शांत राहा" म्हणावे, तर त्यातला एक जण तेच वाक्य फोनवर दुसऱ्याला सांगतो. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यातच या मोसमात कडा मुका झाला.

आधी पडसाद रेंगाळत येऊ लागला, झोपेतून उठवलेल्या माणसाने कूस बदलत 'हं' म्हणावे तसा. मग येईनासाच झाला. पाहुणे घसा खरवडून ओरडायचे आणि समोरून काहीच नाही. मग सगळ्यांच्या माना हाकमावशीकडे वळायच्या, जणू तिनेच पडसाद कनवटीला लावून ठेवला आहे. एका बाईने तर विचारले, "आज बंद असतं का?" हाकमावशी म्हणाली, "हो, जेवायला गेलाय."

बस तिच्या जावयाची. जावई माणूस वाईट नव्हता, पण हिशेबी होता. चहाच्या टपरीवर बसून त्याने चढण, डिझेल, पाहुण्यांची कुरकुर असे सगळे नीट मांडले आणि शेवटी सांगितले की कडा बोलत नसेल, तर पुढच्या महिन्यापासून बस धबधब्यावरूनच परत फिरेल. मग सासूबाईंनी इथे एकटे राहून तरी काय करायचे? घरी मागची खोली रिकामीच आहे.

मागची खोली हाकमावशीने पाहिली होती. तिची एकुलती एक खिडकी बसच्या गॅरेजात उघडत होती. जिचे आयुष्य दरीच्या तोंडाशी गेले, तिने आता टायर बघत बसायचे. लेकीचे म्हणणेही तेच. लेक लहानपणापासून या कड्याला भ्यायची आणि लग्न झाल्यापासून तिने इथे पाऊल टाकले नव्हते. फोनवर मात्र रोज, "आई, आता पुरे कर गं."

हाकमावशी वैतागून गेली होती. पाहुण्यांवर, जावयावर, लेकीवर आणि सगळ्यांत जास्त त्या काळ्या कड्यावर. सकाळी दगड झाडताना ती त्याला शिव्या घालायची. "आयुष्यभर तुझी चाकरी केली मेल्या, आणि आता मौन धरतोस?"

अशाच एका सकाळी, ती पाठमोरी असताना, दरीतून आवाज आला. "होऽऽ." तिचाच.

पाठोपाठ पाच-सहा हाका आल्या. पुरुषांच्या, बायकांच्या, एका पोराची किंचाळी. मग पुन्हा शांत. कड्यावर तेव्हा कोणी नव्हते. टपरीवाला स्टोव्ह पेटवत होता, पण त्याचा एक कान कामातून गेलेला आणि दुसरा रेडिओला लावलेला.

हाकमावशीने कपाळाला हात लावला. म्हणजे कालच्या हाका आज पोचल्या होत्या. पडसाद बंद झाला नव्हता, पोस्टाच्या वाटेने येत होता. पाहुणे बसमध्ये बसून गेल्यावर बोलून काय उपयोग? तिने टपरीवाल्याला सांगितले, तर तो म्हणाला, "वारा असेल, मावशी." त्याच्या लेखी सगळ्याच गोष्टी वारा होत्या.

हे रोजचे झाले. सकाळी झाडू हातात घेतला की आधी तिचा "होऽऽ", मग बाकीच्यांच्या हाका. ती ऐकत झाडायची आणि पुटपुटायची.

मग एकदा सकाळी दरीत कोणी तरी खोकले. लांबलचक, छातीतून येणारा खोकला, आणि त्याच्यामागून थकलेला आवाज, "मी आलो गं." असा कोणी काल आला होता का? तिला आठवेना. काल तर कॉलेजची पोरे होती सगळी.

दुपारी बसमधून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उतरले. दगडापाशी आले, खोकले. तोच खोकला. मग समोर बघत, हाक मारायची म्हणून नव्हे, कोणाला तरी सांगावे तसे म्हणाले, "मी आलो गं."

हाकमावशीने चहाचा ग्लास खाली ठेवला. चहा फार गरम आहे, असे तिने स्वतःला सांगितले.

तर हाका कालच्या नव्हत्या. आजच्या होत्या, मारण्याआधीच आलेल्या.

दुसरी कोणी असती तर गाशा गुंडाळून गेली असती. हाकमावशीला आधी रागच आला. म्हणजे इतके दिवस हा कडा बोलत होता, फक्त धड वेळेवर बोलत नव्हता. आणि मग तिच्या मनात आले की बस येत राहायला एवढे पुरेसे आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी कान देऊन ऐके आणि दुपारी बोलण्याच्या आवाजावरून माणसे ओळखे. दगडावर चढणाऱ्याच्या सोबत्याला बाजूला घेऊन ती कानात सांगे, "ह्या आता 'आम्ही जिंकलो' म्हणून ओरडतील." आणि तसेच होई. पाहुण्यांचे डोळे विस्फारत. कड्याकडे मग कोणी बघेना, सगळे हिच्याकडेच बघू लागले. एका शहाण्याला त्याच्या बायकोने मावशीचे भाकीत आधीच सांगून टाकले. आता मुद्दाम भलतेच ओरडतो असे म्हणून तो ऐटीत चढला आणि तोंड उघडले तर तेच शब्द बाहेर पडले. खाली उतरताना तो हसला नाही. "जीभ वळली," एवढेच म्हणाला आणि बसमध्ये जाऊन बसला.

जावई खूश. त्याने बसच्या मागच्या काचेवर कड्याचे चित्र रंगवून घेतले. मागच्या खोलीचा विषय निघेनासा झाला.

आपण जिंकलो असे हाकमावशीला वाटत असतानाच ती सकाळ उजाडली.

तिने झाडू घेतला. दगड झाडला. कठड्याखालची पाने गोळा केली. दरी गप्प. मग हाका सुरू झाल्या. एक जाडा आवाज, दोन मुली एकदम, कोणाची तरी शिट्टी. ती ऐकत राहिली, आणि काही तरी चुकल्यासारखे वाटले. जेवणात मीठ नसावे तसे. थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आले की सगळ्यांच्या आधी येणारा तिचा "होऽऽ" आज आलाच नव्हता.

हाका संपल्या. ती वळणार, एवढ्यात पुन्हा.

"आई?"

लेकीचा आवाज. थोडा हसरा, लपलेल्या माणसाला शोधताना असतो तसा.

"आई, अगं कुठे गेलीस?" आता हसू नव्हते. वैताग होता.

मग बराच वेळ काही नाही. आणि मग तिसरी हाक. तो आवाज लेकीच्या तोंडून तिने आयुष्यात एकदाच ऐकला होता. लेक पाच वर्षांची असताना बाजारात हात सुटला होता, तेव्हा.

हाकमावशी टपरीच्या बाकावर येऊन बसली आणि लेकीला फोन लावला. रेंज मिळायला तीनदा जागा बदलावी लागली. "आज इकडे येऊ नकोस," ती म्हणाली.

लेक म्हणाली, "तुला कोणी सांगितलं मी येणारे म्हणून? यांनीच सांगितलं असणार. यांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ."

"कोणी नाही सांगितलं. येऊ नकोस एवढंच."

"का? तुला बरं नाहीये का? आवाज असा काय येतोय?"

"मला काय धाड भरलीय."

"मग आता येतेच," म्हणून लेकीने फोन ठेवला.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. हाकमावशी स्वतःवरच चिडली. पण चिडली तशी तिची अक्कलही जागेवर आली. तिने नीट विचार केला. सकाळी आपली हाक आली नाही, म्हणजे आज आपण हाक मारणार नाही. बस, एवढाच त्याचा अर्थ. मारायचीच नाही. कठड्याजवळ जायचेच नाही. या बाकावर बसायचे, टपरीच्या खांबाला धरून, आणि बस जाईपर्यंत हलायचे नाही. समोर बसलेल्या आईला लेक कशाला शोधेल?

बस आली. लेक उतरली, कठड्याकडे न बघता डोंगराच्या बाजूने कडेकडेने चालत टपरीशी आली आणि आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ती चहा प्यायली, टपरी कळकट आहे म्हणाली, आई वाळली आहे म्हणाली. हाकमावशीला बरे वाटले. कुरकुरणारी लेक ही हाका मारणारी लेक नव्हे.

जावयाने येऊन विचारले, "सासूबाई, पहिली हाक?"

"आज घसा बसलाय. तुमचे तुम्ही ओरडा."

त्याचे तोंड पडले, पण पाहुणे ओरडलेच. जाडा आवाज, दोन मुली, शिट्टी. सकाळी ऐकल्या त्याच क्रमाने. मग दरीतून ढग वर चढू लागला, गारठा वाढला आणि माणसे भराभर बसकडे पांगली. टपरीवाला भांडी विसळायला मागे गेला.

"तू काकडतेयस," लेक म्हणाली. "बसमध्ये माझी शाल आहे, आणते. आणि आज तुला घेऊनच जाणार आहे, सांगून ठेवते."

"बघू," हाकमावशी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ती मागची खोली एवढी वाईट वाटली नाही. टायर तर टायर.

लेक गेली. ढग कठडा ओलांडून आत आला. दगड दिसेनासा झाला, मग बस. हाकमावशीने खांब दोन्ही हातांनी धरला. लाकडातला एक उखडलेला खिळा तळव्याला टोचत होता, ते बरेच होते. पायाखाली जमीन होती. शेजारी तिचा ग्लास होता, त्यातून वाफ येत होती.

पावले वाजली. ढगातून लेक आली, हातावर शाल टाकून. बाकासमोर थांबली. बाकाकडे पाहिले.

"आई?" ती म्हणाली. थोडी हसून.

"अगं, ही काय, तुझ्यासमोर बसलेय," हाकमावशी म्हणाली.

तिने ते नीट, मोठ्याने म्हटले. ओठ हलले, घशात शब्द जाणवले. पण जवळ काहीच ऐकू आले नाही. आवाज आला तो दरीच्या पलीकडून, काळ्या कड्यावरून, जरा धुऊन निघाल्यासारखा.

लेकीने दचकून तिकडे मान वळवली.

"आई, अगं कुठे गेलीस?"

हाकमावशीने खांब सोडून तिच्याकडे हात केला. शालीची किनार तिच्या बोटांपासून वीतभर होती. हात लांबवला तरी तेवढीच राहिली.

आणि जिने जन्मात कधी कठड्याला हात लावला नव्हता, ती लेक शाल तिथेच टाकून ढगातून चालत गेली. सपाट दगडावर चढली. दोन्ही हात कठड्यावर ठेवले आणि छातीभर श्वास घेतला.

पुढची हाक हाकमावशीला पाठ होती.