नऊ मिनिटं पुढची रेघ

पिरंगुटच्या अलीकडं, कारखान्यांच्या रांगेत तो चार खाटांचा खासगी दवाखाना. येणारी माणसं ठरलेली. प्रेसमध्ये बोटं गेलेली, परांचीवरून पडलेली, वाहनांनी उडवलेली. डॉक्टर किमया, मूळची परभणीची, तिथं तीन वर्षं होती. ती घाबरायची नाही असं नाही; पण घाबरायचं ते ड्यूटी संपवून खोलीवर गेल्यावर, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी दुपारी तीनला भरे गावच्या मल्हारला आणलं. तेवीस वर्षांचा मेंढपाळ. मेंढरं रस्ता ओलांडत असताना डंपर आला, यानं मेंढरं पुढं हाकलली आणि स्वतः सापडला. पोट टम्म फुगलेलं, कंबर मोडलेली, आणि बाहेर रक्ताचा थेंब नाही. म्हणजे सगळं आत साठत होतं. पुण्याला न्यायला निघालं असतं तर चांदणी चौकातच जीव गेला असता. सर्जन तिकडून निघाले होते आणि वाहतुकीत अडकले होते. ते पोचेपर्यंत पोराचं बीपी टिकवायचं, एवढंच काम. म्हणायला एवढंच.

किमयानं त्याच्या मनगटाच्या धमनीत बारीक नळी घातली. दंडाचा पट्टा पाच-पाच मिनिटांनी बीपी सांगतो. ही नळी प्रत्येक ठोक्याचं सांगते. मॉनिटरवर लाल रेघ उठली. आकडा आला चौऱ्याऐंशी.

"मॅडम, पट्ट्यावर एकशे सोळा येतंय," आशालता सिस्टर म्हणाल्या.

एवढा फरक? किमयानं नळीला जोडलेली मोजणारी डबी छातीच्या पातळीला आणली, शून्य पुन्हा लावलं, नळीत बुडबुडा आहे का पाहिलं. सगळं जागच्या जागी. मल्हार शुद्धीत होता, हात गरम होता. रेघच चुकतेय, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

थोड्या वेळात मल्हारला दरदरून घाम फुटला. पट्ट्यानं चौऱ्याऐंशी दाखवलं. आणि रेघ तोवर एकशे दोनवर गेलेली! रक्ताची पिशवी अजून टांगलीही नव्हती. पिशवी लावली, अर्धी गेली, आणि पट्टा एकशे दोनवर आला.

आशालताबाई प्रत्येक आकडा वेळेसकट कागदावर लिहायच्या. त्यांनी तो कागद किमयापुढं धरला. रेघेवरचा प्रत्येक आकडा पट्ट्यावर येत होता. नऊ मिनिटांनी.

"मशीन जुनं आहे," किमया म्हणाली.

"जुनं मशीन मागं राहील, मॅडम. पुढं कसं जाईल?"

किमयानं कागदावरच्या वेळा पुन्हा जुळवल्या. नऊच.

तीन चाळीसला रेघ सपाट झाली.

मल्हार बोलत होता. "डाक्टरीणबाई, मेंढरं समदी वलांडली का?"

"सगळी," ती म्हणाली. तिला काही ठाऊक नव्हतं.

मग तिनं जे जे येत होतं ते सगळं केलं. दुसरी पिशवी दाबून सोडली, बीपी चढवणारं औषध वाढवलं, मोडलेल्या कमरेला बांधलेला पट्टा आवळला, सर्जनना फोन लावला. ते अजून भूगावातच होते. मिनिटभरानं पाहिलं तर सपाट रेघेवर उंचवटे उठत होते. बोथट, एकसारखे. ते हृदयाचे नव्हते. छाती दाबताना उठतात तसे होते. कुणीतरी मल्हारची छाती दाबत होतं, आणि मल्हार तर तिच्यासमोर पाणी मागत होता.

तिनं बाहेर बसलेल्या तुकाबाईला, त्याच्या आईला, आत बोलावलं.

"आये, रडू नगं," मल्हार म्हणाला. "खांड्या कुत्र्याला भाकर टाक. सकाळधरनं उपाशी हाय त्यो."

तीन एकोणपन्नासला त्याचे डोळे वर गेले. किमया खाटेवर चढली आणि छाती दाबू लागली. सोडायचं नाही, पोराला सोडायचं नाही, हे ती स्वतःशी म्हणत राहिली. पडद्यावर तिच्याच हातांचे उंचवटे, नऊ मिनिटं पुढचे, चाललेले होते.

तीन अठ्ठावन्नला ते थांबले.

तिचे हात तर चालू होते! दंड भरून आले, घाम डोळ्यांत उतरला. समोर सरळ रेघ. आपण थांबणार, हे ठरून गेलं होतं. आणि एकदा ते कळल्यावर हातातलं बळच गेलं. चार वाजून सात मिनिटांनी ती थांबली. मानेशी नाडी पाहिली. नव्हती.

घरच्यांना सांगण्याआधी मॉनिटर भिंतीकडं फिरवायचा, अशी तिथली रीत होती. सरळ रेघ आईच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून. आशालताबाईंनी आवाज बंद करून तो फिरवला.

"हात गरम हाय की त्येचा," तुकाबाई म्हणाली.

"राहतो थोडा वेळ, मावशी," किमया म्हणाली.

"न्हाई वो बाई, बगा तर. गरम हाय."

किमयानं हे वाक्य शंभरदा ऐकलं होतं. तिनं पुन्हा पाहिलं नाही.

तेवढ्यात ताम्हिणीकडं बस उलटल्याचा फोन आला. खाट रिकामी हवी होती. पोलीस केस, म्हणून नळी मनगटातच ठेवली, नुसती वायर काढली. अपघाताच्या नोंदीसाठी आधीच आलेल्या हवालदारानं कागद केले आणि सव्वाचारच्या आत ॲम्ब्युलन्सवाल्या भिवाजीची गाडी निघाली, सरकारी शवागाराकडं. मागं तुकाबाई बसली होती.

पावणेपाचला बसमधली पहिली बाई आली. तिला लावायला किमयानं मॉनिटर भिंतीकडून वळवला. पडद्यावर अजून मल्हारचं नाव होतं, खाली आकड्यांची नोंद.

चार आठ : एकतीस.

चार दहा : अठ्ठेचाळीस.

चार बारा : सदुसष्ट.

चार चौदा : ब्याऐंशी. तिथं वायर निघाली होती.

तिनं प्रत्येकात नऊ मिळवले. बोटांवर मिळवले, लहान मुलासारखे. चार सतरा ते चार तेवीस : तेव्हा तो गाडीत होता. मग फोन उचलला.

"भिवाजी, कुठं आहात?"

"हितंच, शवागारापाशी. ठिवलं आत मॅडम, गार पेटीत. त्यांनी कुलूपबी लावलं. म्हातारीपाय लई येळ गेला बगा."

"हात सोडत नव्हती का?" तिनं विचारलं.

"ती कुटली! तिचा हात त्येच्या मुठीत हुता. एकेक बोट उलगडावं लागलं. तिगं लागलो आमी."