"होऊ द्या" कुणी म्हणालंच नाही

हे खरं आहे. पटलं नाही तर सोडून द्या, मी शपथा घालत बसणार नाही.

भुताची गोष्ट म्हणजे अमावस्येची रात्र, असं धरून बसला असाल तर तेही सोडा. ही मागच्या फेब्रुवारीतल्या एका रविवारची, भर दुपारी बाराची गोष्ट. धाराशिव शहराबाहेरच्या एका तलावावरची. नाव सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही मोबाईल घेऊन रील काढायला जाणार.

मी शिवकांता. दवाखान्यात नर्स आहे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी राजनंदिनी जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि घरात मी एकटी उरले.

एकटीसाठी काय स्वयंपाक करायचा? ओट्यापाशी उभ्यानंच काहीतरी खायचं, नाहीतर तसंच झोपायचं.

त्या रविवारी ती येणार होती. आठवडाभर आमचं फोनवर ठरत होतं. तिची सायकल तिनं घ्यायची, शेजारच्या मोनिकाची मी. तलावाच्या बांधावरून रमतगमत जायचं, टोकाच्या कडुलिंबाखाली जेवायचं. मी दोन्ही सायकलींत हवा भरून आणली, ब्रेक घट्ट करून घेतले. पहाटे उठून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली, दोघींची दोन डब्यांत भरली.

सात वाजता फोन आला.

"मम्मी, प्रोजेक्ट आलंय गं. पुढच्या महिन्यात नक्की येते."

"बरं," म्हणाले.

अकरापर्यंत घरात धुसफुसले. मग रागारागानं तिचीच सायकल काढली, दोन्ही डबे घेतले आणि निघाले.

बांधावर चिटपाखरू नव्हतं. झाडाखाली बसले. तिचा डबा उगाच उघडून समोर ठेवला.

तेवढ्यात मागून सायकलची चेन वाजली...

कर्र... कर्र... कर्र...

माझ्या पाठीशी येऊन थांबली.

आपल्याकडे जेवताना कुणी आलं की तोंडातून निघतंच. मान न वळवता मी म्हणाले, "या जेवायला."

अशा वेळी समोरचा "होऊ द्या" म्हणतो आणि पुढं जातो. बोलावणाऱ्यालाही बहुतेकदा तेच हवं असतं.

"होऊ द्या" कुणी म्हणालंच नाही...

वळून पाहिलं.

बांध मोकळा होता. माझी सायकल झाडाला टेकलेली, चाकं जागच्या जागी.

भास झाला असेल म्हणून मी जेवले. भूक होती, म्हणून राजनंदिनीच्या डब्यातलाही एक घास घेतला.

आणि थांबले...

त्याला चवच नव्हती.

एकाच परातीतलं पीठ, एकाच खलबत्त्यातली चटणी. माझ्या डब्यातली जीभ भाजत होती. तिच्या डब्यातली नुसता भुसा. मीठ नाही, तिखट नाही.

बांधाखाली एक म्हातारी शेळ्या राखत होती. गजराबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. ती वर आली आणि दुसऱ्या डब्याकडं बघत राहिली.

"कुणाला बोलीवलंस व्हय गं?"

"सायकलवाल्याला. पण मागं कुणीच नव्हतं."

"मग बसलंय जेवाया. आता जेवू घाल. भरल्या ताटावरनं कुणाला उठवू नगंस, लई वाईट."

"पण कोण आहे?"

"म्या तरी कुठं बघितलंय?" म्हणाली आणि शेळ्या हाकत निघून गेली.

संध्याकाळी घरी जेवायला बसले. अंगणात सायकल कुलूप लावून ठेवली होती. तिची चेन वाजली...

कर्र... कर्र...

थांबली.

मी हातातला घास खाली ठेवला. मग उठले आणि समोर, राजनंदिनीच्या जागेवर, दुसरं ताट वाढलं.

तेव्हापासून रोज वाढते. कुणी दिसत नाही. अन्न ताटात तसंच असतं, फक्त आळणी होतं. मी आता उभ्यानं जेवत नाही. भाजी करते, वरण करते. दवाखान्यातल्या बायका चिडवतात, "शिवकांता, अंगावर तेज आलंय, कुणी भेटलं की काय?" मी हसण्यावारी नेते.

भीती वाटते ना. रोज वाटते. चेन वाजायला उशीर झाला तर जास्त वाटते.

मागच्या आठवड्यात राजनंदिनीचा फोन आला. खुशीत होती.

"मम्मी, शनिवारी येते. चांगली चार दिवस राहते."

माझं लक्ष समोरच्या ताटाकडं गेलं. नुकतंच वाढलं होतं.

"नको येऊस," मी म्हणाले. "मला ड्युटी आहे."

ड्युटी नव्हती.

लेकीला जपलं, असं मी स्वतःला सांगते. पण त्या क्षणी मला तिची काळजी वाटली नव्हती. ताटावरचं माणूस उठून जाईल, याची वाटली होती.